भाड्याची खोली आणि सरकारची देखरेख

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले, की मोहोळ तालुक्यात चिंचोळीची एमआयडीसी लागते. एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. हे महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. ते जमीन घेते, रस्ते करते, पाणी आणते आणि कारखान्यांना भूखंड देते. चिंचोळीतही असेच झाले. कारखाने आले, त्यांच्या मागोमाग माणसे आली. कोणी मोहोळच्या खेड्यांतून आले, कोणी कर्नाटकातून, कोणी त्याहूनही दूरच्या मुलखातून आले.

कारखान्याला भूखंड मिळाला. पण कामगाराला राहायला खोली लागते. ती ज्याची त्याने शोधायची. मग आजूबाजूच्या गावांत शेतकऱ्यांनी चार-चार, सहा-सहा खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. यात वाईट काहीच नाही. मालकाला दोन पैसे मिळतात, कामगाराला आसरा मिळतो. परंतु भाडे किती, पावती मिळते का, खोली केव्हा सोडायची, यावरून कटकटी होतात. अशा वेळी माणूस म्हणतो, "सरकारनं यात लक्ष घालायला पाहिजे."

वाचक बंधुभगिनींनो, सरकारने यात लक्ष घातलेले आहे. त्यासाठी कायदा आहे, कोर्ट आहे, अधिकारी आहेत आणि त्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारे अधिकारीही आहेत. मग तरीही माणसाला न्याय का मिळत नाही? याचे उत्तर सोपे आहे. ही सगळी देखरेख कागदावर आणि तारखेवर चालते. ज्याच्याजवळ कागद नाही आणि ज्याने तारीख चुकवली, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. ही देखरेख कशी चालते, ते आपण या पाठात पाहू.

भाड्यात सरकारचा काय संबंध?

कोणी विचारील, मी पैसे देतो, मालक खोली देतो, मध्ये सरकार कशाला? प्रश्न बरोबर आहे. बाजारात एका गाडीवर भाजी महाग वाटली, तर आपण दुसऱ्या गाडीवर जातो. पण खोली ही भाजी नव्हे. पोरांची शाळा, नळाचे पाणी, कामावर जायची वाट, सगळे त्या खोलीला बांधलेले असते. "परवडत नसेल तर सोड," असे म्हणणे सोपे. पण पावसाळ्यात लेकरेबाळे घेऊन भांडीकुंडी उचलायची कुठे? ही अडचण मालकालाही ठाऊक असते. म्हणून अडलेल्या माणसाकडून वाटेल तेवढे भाडे घेतले जाऊ नये, यासाठी कायदा आला.

ही गोष्ट आपल्याच देशात घडली असे नाही. पहिले महायुद्ध चालू असता, १९१५ साली, विलायतेतल्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष लढाईवर किंवा कारखान्यात. तेव्हा मेरी बार्बर नावाच्या बाईच्या पुढारीपणाखाली कामगारांच्या बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. त्याच वर्षी तिकडच्या सरकारला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. पुढे १९१८ साली मुंबईतही भाडे रोखण्याचा कायदा आला. गिरण्यांमुळे मुंबईत माणसांची दाटी झाली होती आणि घरे अपुरी पडत होती.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, मुंबई इलाख्याचा मोठा भाडे कायदा झाला. सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून हा कायदा आपल्याकडे आला. मराठवाडा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिकडे १९५४ चा हैदराबादचा कायदा लागू झाला. विदर्भात १९४९ चा तिसराच हुकूम होता. एका राज्यात तीन कायदे! सोलापूरकडे एक आणि शेजारच्या धाराशिवकडे दुसरा. पुढे महाराष्ट्र राज्याने तिन्ही एकत्र करून नवा कायदा केला. त्याचे नाव महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आज आपण जो कायदा म्हणतो, तो हाच.

जुन्या कायद्याची एक खोड

नवा कायदा करण्याची गरज का पडली? तेही समजून घ्यावे, म्हणजे मालकाची बाजूही कळेल.

१९४७ च्या कायद्याने भाडे गोठवले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे खरे भाडे धरले. हा कायदा थोड्या वर्षांसाठी म्हणून आला होता. पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत गेले. इकडे धान्य महागले, सिमेंट महागले, गवंड्याची मजुरी वाढली. भाडे मात्र जिथल्या तिथे. मग मालक घराची डागडुजी का करील? घरे पडायला आली. वरून पागडी सुरू झाली. पागडी म्हणजे भाड्याखेरीज गुपचूप घेतलेली मोठी रक्कम.

शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की इतक्या वर्षांनंतर असे गोठवलेले भाडे वाजवी राहिलेले नाही. नवा कायदा आला तो या निकालानंतर.

यातून काय शिकायचे? सरकार अधिकाऱ्यावर देखरेख करते, तशी सरकारने केलेल्या कायद्यावरही न्यायालय देखरेख करते. कायदा भाडेकरूसाठी असला, तरी तो मालकाला बुडवणारा असता कामा नये.

नवा कायदा काय सांगतो?

कायदा मोठा आहे. त्यातल्या आपल्या रोजच्या कामाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

पहिली गोष्ट भाडेवाढीची. समजा, एका खोलीचे भाडे महिना २५०० रुपये आहे. मालक आणि भाडेकरू यांचे असे बोलणे होते.

"काय ओ मालक, पुढच्या महिन्यापासनं पाचशे वाढवताय म्हणं?"

"वाढवायलाच लागतंय की बाबा. परवडत नसंल तर खोली सोड."

"बरं, निदान पावती तरी देत जावा की."

"पावती कशाला? तुझा माझ्यावर इश्वास नाही व्हय?"

या चार वाक्यांत तीन प्रश्न आहेत. कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला शेकडा ४ वाढ करण्याचा मालकाला हक्क आहे. शाळेत शेकडेवारी शिकवताना आम्ही मुलांना फळ्यावर मांडायला लावत असू, तशी आपणही मांडू. शंभराला ४, तर २५०० ला किती? १०० रुपये. म्हणजे नवे भाडे २६०० होईल, ३००० नव्हे. मालकाने खोलीत सुधारणा केली किंवा मोठी दुरुस्ती केली, तर त्यासाठी कायद्यात वेगळी वाढ सांगितली आहे. पण ती खर्च दाखवून, मनाला येईल तशी नव्हे. आणि मुळात ठरलेले भाडेच फार जास्त आहे असा वाद असेल, तर कोर्ट योग्य भाडे ठरवून देऊ शकते. त्याला प्रमाण भाडे म्हणतात.

दुसरी गोष्ट खोली सोडण्याची. जो भाडेकरू भाडे देतो किंवा द्यायला तयार आहे आणि कराराच्या अटी पाळतो, त्याला मालक उगाच काढू शकत नाही. काढायचे तर कायद्यात कारणे दिलेली आहेत. खोलीचे नुकसान केले, मालकाला न विचारता दुसऱ्याला खोली दिली, शेजाऱ्यांना त्रास दिला, किंवा मालकाला स्वतःला राहण्यासाठी खरोखरच खोली पाहिजे, अशी ती कारणे आहेत. तीही कोर्टात सिद्ध करावी लागतात. भाडे थकले असले, तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे. त्यानंतरच दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकलेले भाडे, शेकडा १५ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही.

तिसरी गोष्ट पावतीची. पैसे घेतले की लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास दर दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विश्वास आणि पावती यांत भांडण नाही. मालक बरा असतो, पण उद्या त्याचा मुलगा कारभार पाहू लागतो. त्याला काय माहीत कोणी किती दिले? मोबाइलवरून पैसे पाठवले, तर त्याचीही नोंद राहते. पण ते कोणत्या महिन्याचे भाडे, हे लिहून ठेवलेले बरे.

चौथी गोष्ट पाण्याची आणि विजेची. भाडेकरूने खोली सोडावी म्हणून मालकाने वाजवी कारणाशिवाय नळ बंद केला किंवा वीज तोडली, तर तो गुन्हा होतो. कोर्ट ती सोय परत चालू करण्याचा हुकूम देऊ शकते.

पाचवी गोष्ट करारनाम्याची. करारनामा लेखी पाहिजे आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इतकेच नव्हे. नोंदलेला कागद नसेल, तर खोली कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगतो तेच कोर्ट खरे धरते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. म्हणून नोंदणी टाळण्यात मालकाचेही हित नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. मालक पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती आणि फोटो देतो. तो करारनामा नव्हे. ती पोलिसांच्या माहितीसाठी असते.

कोणत्या कागदावर सही केली?

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग आला. नीट लक्ष द्या.

खोली दोन तऱ्हांनी मिळते. एक तऱ्हा भाडेपट्ट्याची. त्यात राहणारा भाडेकरू होतो आणि त्याला वर सांगितलेले संरक्षण मिळते. दुसरी तऱ्हा 'लीव्ह अँड लायसन्स'ची. लायसन्स म्हणजे परवाना. त्यात मालक ठरावीक मुदतीसाठी राहण्याची फक्त परवानगी देतो. पुष्कळदा ही मुदत ११ महिन्यांची असते. आजकाल बहुतेक करारनामे याच तऱ्हेचे असतात.

फरक काय? परवान्याची मुदत संपली, की परवानगी संपली. मग खोली सोडावी लागते. "मी भाडे वेळेवर दिले," हे सांगून भागत नाही. मुदत संपल्यावरही राहिलात, तर दुपटीने पैसे भरण्याची पाळी येते. आणि लेखी करारनाम्यात जे लिहिले असेल, तेच परवानाधारकाविरुद्ध पक्का पुरावा धरतात. नंतर "आम्हाला तोंडी असे सांगितले होते," म्हणून उपयोग नाही.

म्हणून सही किंवा अंगठा करण्यापूर्वी कागद वाचा. स्वतःला जमत नसेल, तर वर्गातल्या सोबत्याकडून मोठ्याने वाचून घ्या. चार गोष्टी बघा. वर 'भाडेपट्टा' लिहिले आहे की 'लीव्ह अँड लायसन्स'? मुदत कोणत्या तारखेला संपते? अनामत किती आणि ती परत केव्हा मिळणार? दरमहा रक्कम किती? वाचता येऊ लागल्याचा हा मोठाच फायदा आहे.

नोकरीबरोबर मिळालेल्या खोलीचे असेच आहे. मालकाने नोकर म्हणून खोली दिली असेल, तर नोकरी सुटल्यावर ती खोली परत द्यावी लागते. त्यासाठीही कायद्यात वेगळी तरतूद आहे.

देखरेखीच्या दोन वाटा

या दोन तऱ्हांप्रमाणे दाद मागण्याच्या वाटाही दोन आहेत. दोन्हींवर वरून देखरेख आहे, पण ती एकसारखी नाही.

पहिली वाट कोर्टाची. भाडेकरूला काढण्याचा दावा, प्रमाण भाडे, थकबाकी, पाणी-वीज, हे सगळे दिवाणी कोर्टात जाते. तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे ते चालते. चिंचोळीसाठी तालुक्याचे ठिकाण मोहोळ. तिथला निकाल मान्य नसेल, तर सोलापूरला जिल्हा न्यायालयात अपील. त्यावर उच्च न्यायालयाची देखरेख. पूर्वी उच्च न्यायालयासाठी आपल्या लोकांना थेट मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूरला बसू लागले. सोलापूर जिल्हा त्याच्याकडे जोडला आहे.

या वाटेवर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोर्टावर मंत्र्याचा किंवा कलेक्टरसाहेबांचा हुकूम चालत नाही. कोर्टात चाललेल्या दाव्याबद्दल मंत्र्याकडे अर्ज दिला, तरी निकाल बदलत नाही. त्या अर्जात महिने जातात आणि अपिलाची मुदत निघून जाते.

दुसरी वाट सक्षम प्राधिकाऱ्याची. हे नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. ज्याला ठरावीक कामासाठी कायद्याने अधिकार दिला, तो सक्षम प्राधिकारी. त्याची नेमणूक राज्य सरकार करते आणि ती राजपत्रात छापते. परवान्याची मुदत संपली तरी कोणी खोली सोडत नाही, किंवा नोकरी सुटली तरी नोकरीची खोली सोडत नाही, अशा प्रकरणात मालक त्याच्याकडे अर्ज करतो. सैन्यातल्या जवानाला स्वतःच्या राहण्यासाठी घर परत पाहिजे असेल, तर तोही याच वाटेने जातो. झटपट निकाल लागावा म्हणून ही सोय आहे.

झटपट म्हणजे किती झटपट? सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत राहणाऱ्याने प्रतिज्ञापत्र देऊन आपले म्हणणे मांडायचे आणि बाजू लढवण्याची परवानगी मागायची. ३० दिवस गेले, तर मालकाने अर्जात लिहिले ते सगळे तुम्ही कबूल केले असे धरतात. मग खोली सोडण्याचा हुकूम होतो. "कागद आला होता, पण काय ते कळले नाही, म्हणून फळीवर ठेवला," असे म्हणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. फळीवरच्या त्या कागदाने त्यांची खोली गेली.

सक्षम प्राधिकाऱ्याचा हुकूम चुकीचा वाटला तर काय करायचे? त्यावर अपील नाही. पण पुनरीक्षण आहे. अपील आणि पुनरीक्षण यांतला फरक शाळेच्या उदाहरणाने सांगतो. अपील म्हणजे मुलाचा पेपर नव्याने पूर्ण तपासणे. पुनरीक्षण म्हणजे पेपर तपासताना नियम पाळले का, गुणांची बेरीज बरोबर आहे का, एवढे पाहणे. हे पुनरीक्षण राज्य सरकार स्वतः करते, किंवा सरकारने अधिकार दिलेला वरिष्ठ अधिकारी करतो. हा अधिकारी विभागाच्या अपर आयुक्तापेक्षा खालच्या दर्जाचा असता कामा नये. आपला जिल्हा पुणे विभागात येतो. हुकूम कायद्याला धरून आहे की नाही, हे पाहण्यासाठी तो प्रकरणाचे सगळे कागद मागवून घेतो. कोणी अर्ज केला तर तो कागद मागवतो आणि अर्ज नसतानाही स्वतःहून मागवू शकतो. पण ९० दिवसांनंतर ते कागद मागवता येत नाहीत.

आता बघा, देखरेख आहे, मोठ्या दर्जाची आहे, पण तिला ९० दिवसांचे दार आहे. शिवाय 'स्वतःहून' असे कायद्यात असले, तरी पुण्याच्या कचेरीत बसलेल्या साहेबाला चिंचोळीजवळच्या एका खोलीत काय घडले हे कसे कळणार? कोणीतरी कळवले तरच. खोल्याखोल्यांतून फिरून पावत्या तपासणारा इन्स्पेक्टर या कायद्याने ठेवलेला नाही.

आपले गाव यादीत आहे का?

आणखी एक गोष्ट राहिली. चिंचोळीसारख्या ठिकाणी ती फार महत्त्वाची आहे.

भाडे नियंत्रणाचा कायदा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. कायद्याच्या शेवटी गावांची आणि शहरांची यादी जोडलेली आहे. त्या ठिकाणी तो चालतो. यादीत फेरफार करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सोलापूर शहर यादीत आहे. पण एमआयडीसी शहराच्या हद्दीबाहेर, आणि कामगार राहतात ते आजूबाजूच्या खेड्यांत. रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, असे होऊ शकते. म्हणून कोणताही दावा करण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारायचा: "आमच्या गावाला हा कायदा लागू आहे का?"

हे कसे विचारायचे? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. साध्या कागदावर अर्ज लिहून १० रुपये फी भरली, की सरकारी कचेरीला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. आपले गाव यादीत आहे का आणि आपल्या भागासाठी सक्षम प्राधिकारी कोण नेमला आहे, हे दोन्ही प्रश्न एकाच अर्जात विचारता येतात.

आणि गाव यादीत नसले तर? तर माणूस उघड्यावर पडला असे नव्हे. तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा जुना कायदा चालतो. दर महिन्याच्या भाड्याने घेतलेली राहण्याची खोली रिकामी करून पाहिजे असेल, तर मालकाला १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि यादीत असो वा नसो, दांडगाईने बाहेर काढण्याचा हक्क कोणालाच नाही. मालकाने कुलूप लावून सामान बाहेर फेकले, तर १९६३ च्या एका कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत कोर्टात दावा करून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात खोली कोणाच्या मालकीची हे पाहत नाहीत. कायद्याच्या वाटेने काढले की दांडगाईने काढले, एवढेच पाहतात.

काही जागा मात्र भाडे नियंत्रणातून मुळातच वगळल्या आहेत. सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या मालकीच्या जागा त्यांत येतात. तसेच एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपनीने भाड्याने घेतलेली जागाही वगळली आहे. मोठ्या कंपनीला संरक्षणाची गरज नाही, गरज आहे ती लहान माणसाला, असा त्यामागचा विचार आहे.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्याजवळ वकिलाला द्यायला पैसे असते, तर आम्ही भाड्याच्या खोलीत कशाला राहिलो असतो?" यालाही उत्तर आहे. १९८७ साली विधी सेवेचा कायदा झाला. विधी सेवा म्हणजे कायद्याची मदत. त्याप्रमाणे बाया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग आणि कारखान्यातले कामगार यांना फुकट वकील मिळू शकतो. त्यासाठी त्यांचे उत्पन्न विचारात घेत नाहीत. इतर गरिबांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. सोलापूरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

कामगार बांधवांनो, हा तुमचा हक्क आहे. तो मागायला लाजू नका.

दिल्लीचा नमुना कायदा

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये भाडेकरूंसाठी एक आदर्श कायदा तयार केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये असे म्हटले आहे. प्रत्येक जिल्ह्यात भाड्याचा वेगळा अधिकारी, वेगळे कोर्ट, अशीही योजना आहे. पण घरभाडे हा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. त्यामुळे केंद्राचा हा कायदा नुसता नमुना आहे. राज्याने तो स्वीकारून आपला कायदा केला, तरच तो लागू होतो. "दोन महिन्यांच्या वर अनामत घेता येत नाही, मी फोनवर वाचलंय," असे कोणी सांगितले, तर ते आपल्या राज्याचे की नमुन्यातले, हे आधी विचारावे.

मालकाची आणि भाडेकरूची गाठ

शेवटी थोडे मालक बांधवांसाठी. या खोल्या बांधणारा मनुष्य पुष्कळदा शेतकरीच असतो. त्याच्याही डोक्यावर कर्ज असते. मुदत संपली तरी खोली न सोडणारा, भाडे बुडवून रातोरात जाणारा, असाही भाडेकरू भेटतो. त्या मालकाला कायद्याने सक्षम प्राधिकाऱ्याची वाट दिली आहे. पण ती चालायची, तर त्याच्याजवळही नोंदलेला करारनामा आणि पावत्यांची स्थळप्रत पाहिजे. ज्याने भाड्याचे पैसे कागदाशिवाय घेतले, त्याला कायद्याकडे जाताना स्वतःचीच अडचण होते. म्हणजे कागद भाडेकरूला जितका हवा, तितकाच मालकालाही हवा.

ध्यानात ठेवा

१. पैसे दिले की पावती घ्या. सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेवा.
२. करारनामा वाचल्याशिवाय सही करू नका. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा.
३. कोणताही सरकारी कागद आला, की तो मिळाल्याची तारीख त्याच दिवशी त्याच्यावर लिहा.
४. सक्षम प्राधिकाऱ्याच्या समन्साला ३० दिवस. त्याच्या हुकमाविरुद्ध पुनरीक्षणाला ९० दिवस. दांडगाईने बाहेर काढले, तर दाव्याला सहा महिने.
५. अर्ज दिला की पोच घ्या. टपालाने पाठवला, तर पोच मिळेल अशा टपालाने पाठवा.
६. पैसे नसतील तर विधी सेवेकडे जा.

वर्गात बोलण्यासाठी

१. तुमच्या खोलीचा कागद भाडेपट्ट्याचा आहे की 'लीव्ह अँड लायसन्स'चा? पाहून सांगा.
२. महिना ३००० रुपये भाडे असेल, तर शेकडा ४ प्रमाणे वाढ किती होईल?
३. अपील आणि पुनरीक्षण यांत काय फरक आहे?
४. आपले गाव कायद्याच्या यादीत आहे का, हे विचारणारा अर्ज सगळ्यांनी मिळून लिहा. खाली तारीख घालायला विसरू नका.